रेड सेक्टर ए: नाव न घेतलेली छावणी

'रश'चं 'रेड सेक्टर ए' (१९८४) ऐकलंत, तर बेस गिटार शोधून पाहा. नाहीच! नॉर्थ यॉर्कच्या विलोडेलमध्ये वाढलेला गेडी ली इथे बेस बाजूला ठेवून कीबोर्ड वाजवतो आणि गातो. नील पिअर्टच्या शब्दांत छळछावणी आहे, पण नाझी, ज्यू, जर्मनी कुठेच नाहीत. शीर्षक तर नासाचं यान उडताना पाहायच्या जागेवरून घेतलेलं. म्हणून ऐकणारा सहज ही विज्ञानकथा समजतो. मग ही पळवाट झाली का? मला नाही वाटत. उलट मला खटकतो तो नाचरा ठेका. गेडीची आई १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनमधून सुटली. तोवर तिची समजूत होती की बाहेरचं जगच संपलंय, नाहीतर कुणीतरी सोडवायला आलं नसतं का? देश, साल, शत्रूचं नाव काहीच न सांगणारं हे गाणं त्याच समजुतीच्या आतून गायलंय.