शेनियेचे ‘गायस ग्राकस’ : एक पुनर्विचार

मारी-जोझेफ शेनिये याची ‘गायस ग्राकस’ ही तीन अंकी पद्य शोकांतिका ९ फेब्रुवारी १७९२ रोजी पॅरिस येथे प्रथम रंगभूमीवर आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा एका वाक्यापुरता येतो. परंतु शोकांतिका म्हणून ती कितपत टिकते, हा प्रश्न निराळा आहे.

नाट्यवस्तू प्लूटार्कच्या चरित्रातील आहे. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस मारला गेला. दहा वर्षांनी धाकटा गायस ट्रिब्यून झाला आणि त्याने जमीन, स्वस्त धान्य व न्यायालये यांसंबंधीचे कायदे केले. १२१ मध्ये कॉन्सल ओपिमियसने सिनेटच्या ठरावाच्या बळावर त्याचा नाश केला. शेनियेने यातील केवळ अखेरचा संघर्ष उचलला आहे. कालैक्याच्या नियमाला हे सोयीचे खरे. पण त्यामुळे मूळ कथेतील सर्वांत बोचरा भाग मागे पडतो. सिनेटने गायसला मारण्यापूर्वी लोकांनीच त्याला सोडले होते. लॅटिन व इतर इटालियन मित्रांना त्याने नागरिकत्वाचे हक्क देऊ केले, तेव्हा रोमच्या सामान्य मतदाराला आपल्या वाट्यात भागीदार नको होते. शिवाय लिव्हियस ड्रूसस या दुसऱ्या ट्रिब्यूनने, सिनेटच्या संमतीने, त्याच्याहून मोठी आश्वासने देऊन त्याला निष्प्रभ केले. प्लूटार्क तर सांगतो की, डायनाच्या देवळात गुडघे टेकून गायसने या कृतघ्न लोकांना कायमच्या दास्याचा शाप दिला.

१७९२ च्या पॅरिसमध्ये असा शाप कोण ऐकून घेणार? तेथे लोक हेच दैवत होते. शेनियेचा नायक लोकांचे रक्त सांडू नये म्हणून स्वतःचा अंत करून घेतो. हे मरण उदात्त आहे, पण शोकात्म नाही. सारे दुष्टपण सरदारवर्गाकडे गेल्यावर नायकाच्या वाट्याला प्रमाद उरत नाही, हौतात्म्य तेवढे उरते. भाषणांचा ओजही, माझ्या मते, याच कारणाने लवकर एकसुरी होतो.

जी धार नाटकात नाही, ती त्याच्या इतिहासात आहे. २ ऑगस्ट १७९३ च्या ठरावाने कन्व्हेन्शनने ज्या नाटकांचे प्रयोग करावयास सांगितले, त्यांत हे एक होते. त्याच नाटकात कायदे मागणारी आणि रक्त नाकारणारी एक उक्ती आहे. दहशतीच्या दिवसांत प्रेक्षकांनी तिला टाळ्या देताच आल्बित या प्रतिनिधीने ती उलटी करून ओरडून फेकली, आणि पुढे प्रयोगच बंद पडले. शेनियेला यावरून सौम्यपंथी ठरविणे सोपे. पण त्यानेच जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले होते. त्याचा भाऊ, कवी आंद्रे, २५ जुलै १७९४ रोजी गिलोटिनखाली गेला.

आल्बितच्या हाती एक मुद्दा होता, जो त्याने मांडला नाही. प्लूटार्कच्या मते त्या अखेरच्या दिवसांतले पहिले रक्त गायसच्याच अनुयायांनी सांडले होते. ओपिमियसचा सेवक अँटिलियस त्यांनी लेखण्या भोसकून मारला, आणि शत्रूला हवे ते निमित्त दिल्याबद्दल गायसने त्यांची निर्भर्त्सना केली. त्या निर्भर्त्सनेपासून नाटकाचा आरंभ झाला असता, तर तिसऱ्या अंकातील आत्महत्येला निराळे वजन आले असते.