एन-४०० : सक्तीचं आत्मचरित्र

अमेरिकी नागरिकत्वाचा एन-४०० फॉर्म मी आत्मचरित्रासारखा वाचते. त्यात ठळक छापलेला एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : ‘कधी’. कधी अटक झाली? कधी देशाबाहेर काढलं? प्रवेश मिळवायला अधिकाऱ्याशी कधी खोटं बोललात? आत्मचरित्रकाराला गैरसोयीचं वगळता येतं, अर्जदाराला नाही.

बोस्नियातून निर्वासित म्हणून आलेल्या दिव्ना मास्लेनयाकनं नवरा सर्ब सैन्यात होता हे लपवलं, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं आणि २००७ मध्ये ती नागरिक झाली. पुढे ते नागरिकत्व काढून घेतलं गेलं. २०१७ च्या सुनावणीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विचारलं, ५५ मैलांच्या मर्यादेत मी ६० नं गाडी चालवली, पकडलो गेलो नाही, तेही सांगायचं? जाणूनबुजून लपवलं तर नागरिकत्व जाऊ शकतं, असं सरकारी वकील म्हणाले. न्यायालयानं ते मानलं नाही : खोटेपणाचा नागरिकत्व मिळण्यात वाटा असायला हवा.

फॉर्मचा दोष इथेच आहे. त्याला लहान-मोठं कळत नाही. पण एक जागा तो ठेवतो : ‘हो’ लिहिलं की खुलासा जोडता येतो. सीमेवरची जुनी अडचण ज्यांच्या मागे आहे, त्यांची गोष्ट ‘हो’पासूनच सुरू होते.