‘टाइम’ या इंग्रजी शब्दाची अनेकार्थता आणि त्याचे ग्रीक पर्याय : एक चिकित्सा

इंग्रजीतील ‘टाइम’ हा शब्द इतका परिचित आहे की त्याचा अर्थ कोशात पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. 2006 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी आपल्या विस्तृत शब्दसंग्रहाच्या आधारे हेच इंग्रजीतील सर्वाधिक वापरले जाणारे नाम असल्याचे जाहीर केले होते. मराठीनेही तो जसाच्या तसा स्वीकारला आहे. ‘दोन टाइमचे जेवण’ आणि ‘टाइमपास’ या प्रयोगांना आज कोणी परके म्हणणार नाही. मात्र या शब्दाचा ग्रीक पर्याय कोणता, असा प्रश्न उपस्थित होताच समीक्षेच्या ग्रंथांतून एक ठरावीक उत्तर मिळते. ग्रीकांजवळ दोन शब्द होते : ‘क्रोनोस’ म्हणजे मोजता येणारा, सलग वाहणारा काळ आणि ‘कैरोस’ म्हणजे अर्थपूर्ण, निर्णायक क्षण; इंग्रजीने हा भेद गमावला. एम. ए.च्या वर्गात प्रस्तुत लेखकानेही ही विभागणी अनेक वर्षे शिकवली आहे. म्हणूनच तिची फेरतपासणी करणे आवश्यक वाटते.

प्रथम आजच्या ग्रीक भाषेचा व्यवहार पाहू. घड्याळातील वेळ विचारताना ग्रीक मनुष्य ‘ओरा’ हा शब्द वापरतो, ‘तीन वेळा’ म्हणताना ‘फोरा’चे अनेकवचन येते, गुणाकारातील ‘टाइम्स’साठी ‘एपि’ हे अव्यय आहे. मजेत वेळ गेला, हे सांगताना काळवाचक नामाची गरजच पडत नाही, केवळ क्रियापदावर काम भागते. मराठीत तरी निराळे काय आहे? ‘तीन वेळा’, ‘तिप्पट’ आणि ‘तीन चोक बारा’ या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘टाइम्स’ येऊ शकते, मराठीत मात्र एकही शब्द समान नाही. उरलेल्या दोन प्रतिष्ठित शब्दांची अवस्था अधिक बोधप्रद आहे. ‘ख्रोनोस’ (आजचा उच्चार हाच) याचा एक रूढ अर्थ वर्ष असा आहे. सणावारी ग्रीक लोक परस्परांस ‘ख्रोन्या पोला’, म्हणजे पुष्कळ वर्षे लाभोत, अशा शुभेच्छा देतात. आणि तत्त्वज्ञांचा तो निर्णायक क्षण, ‘केरोस’, आज प्रामुख्याने हवामानाच्या चौकशीत भेटतो. ‘मला वेळ नाही’ या वाक्यात तर दोहोंपैकी कोणताही शब्द चालतो.

हा सारा आधुनिक भाषेचा ऱ्हास आहे, असा आक्षेप घेतला जाईल. प्राचीन ग्रीकमध्ये भेद नव्हताच, असे म्हणता येणार नाही. ‘फिजिक्स’च्या चौथ्या भागात अ‍ॅरिस्टॉटल गतीच्या मापाशी जोडून ज्याची व्याख्या करतो तो क्रोनोसच होय. उलट ‘कैरोस’ हा शब्द हेसिअडमध्ये योग्य प्रमाण या अर्थाने येतो. त्याच शब्दकुळातील विशेषण ‘इलियड’मध्ये शरीरावरील मर्मस्थानासाठी वापरले आहे, म्हणजे तेथे काळाचा संबंधच नाही. परंतु बायबलच्या ग्रीकपर्यंत येताना या सीमारेषा पुसट होतात, आणि समीक्षेतील उपरोक्त विभागणी मुख्यतः बायबलच्याच आधारावर उभी आहे.

‘उपदेशक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ‘झमान’ व ‘एत’ असे दोन हिब्रू शब्द आहेत. ग्रीक अनुवादकाने त्यांसाठी अनुक्रमे ‘क्रोनोस’ व ‘कैरोस’ योजले. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याच ठिकाणी पहिल्यासाठी ‘सीझन’ व दुसऱ्यासाठी ‘टाइम’ आहे. मात्र ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्या अध्यायात क्रोनोस व कैरोस ही जोडी पुन्हा येते, तेव्हा त्याच इंग्रजी बायबलात पहिल्याचे ‘टाइम्स’ व दुसऱ्याचे ‘सीझन्स’ होते. जोडी तीच, अनुवाद नेमका उलट! पहिल्या ठिकाणी भाषांतर हिब्रूवरून व दुसऱ्या ठिकाणी ग्रीकवरून झाले, हे खरे. तरीही इंग्रजीत भेदच नव्हता, या विधानास त्यामुळे छेद जातो. भेद करण्याची साधने होती. ती कोणत्या संदर्भात कोठे बसवायची, हा अनुवादकाच्या निर्णयाचा भाग होता.

जेम्स बार यांचे ‘बिब्लिकल वर्ड्स फॉर टाइम’ (1962) हे पुस्तक या संदर्भात मूलगामी ठरते. जॉन मार्श यांनी ‘द फुलनेस ऑफ टाइम’ (1952) मध्ये या दोन शब्दांच्या भेदावर बायबलची संपूर्ण कालसंकल्पना उभी केली होती. बार यांनी तिचा पायाच तपासला. मार्कच्या शुभवर्तमानात काळ पूर्ण झाल्याची घोषणा येते तेथे ‘कैरोस’ आहे. पौलाच्या गलतीकरांस पत्रात काळाच्या पूर्णतेचा उल्लेख येतो तेथे ‘क्रोनोस’ आहे. दोन्ही ठिकाणी आशय निर्णायक क्षणाचाच आहे. अर्थ शब्दाच्या पोटात कायमचा साठवलेला नसतो, वाक्य व प्रसंग यांतून तो सिद्ध होतो, हे बार यांचे प्रतिपादन मान्य करावे लागते. 1611 च्या अनुवादात या दोन्ही स्थळी ‘टाइम’ हा एकच शब्द आहे आणि इंग्रजी वाचकाचे त्यामुळे काही अडलेले दिसत नाही.

मराठीपुरता हाच प्रयोग करून पाहता येतो. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीवरून एखाद्या परकीय अभ्यासकाने काळ म्हणजे मृत्यू व वेळ म्हणजे नियत क्षण, असा मराठी माणसाचा कालविषयक दृष्टिकोन सिद्ध केला तर आपण हसू. कारण ‘वेळ काय झाली?’ असे विचारताना नियतीचा विचार कोणाच्याही मनात नसतो. ‘पावसाळा’ व ‘दुष्काळ’ यांतील काळाचा संबंध तर ग्रीक केरोसप्रमाणे थेट पाऊसपाण्याशी आहे.

फ्रँक करमोड यांची भूमिका मात्र वेगळी काढली पाहिजे. ‘द सेन्स ऑफ अ‍ॅन एन्डिंग’ (1967) मध्ये, बार यांच्या आक्षेपाची जाणीव असूनही, त्यांनी ही जोडी कथनातील काळाच्या विवेचनासाठी वापरली. नुसता सरणारा काळ आणि शेवटाच्या अपेक्षेने अर्थवान झालेला काळ, हा भेद कादंबरीच्या अभ्यासात खरोखरच उपयुक्त आहे. समीक्षेची परिभाषा म्हणून त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती त्या परिभाषेला ग्रीक भाषेचा दाखला म्हणून पुढे करण्यास, आणि त्या दाखल्यावरून इंग्रजीला दरिद्री ठरविण्यास. प्रस्तुत लेखक आता वर्गात टिपण देताना ही जोडी ठेवतो. तिच्यापुढे कंसात पूर्वी ‘ग्रीक’ असे लिहीत असे, आता ‘करमोड’ असे लिहितो.