मुठीतली खिडकी

मुठा खोऱ्यात पाऊस नुसता वरून पडत नाही, बाजूनेही येतो. जुलैत पुण्याच्या वर्तमानपत्रांत धरणांवरच्या पावसाचे आकडे रोज छापून येतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारांत टेमघरचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा असतो. ३.७१ टीएमसीचं हे धरण मुठा नदीवर आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला मुठा गाव. इथे पश्चिमेची खिडकी नीट लागली नाही तर रात्रीतून अंथरुणं भिजतात. त्यामुळे खिडकीची कडी, खिटी, मूठ यांच्याकडे इथलं माणूस लक्ष देऊन बघतं. मीही या वस्तू बघायला शिकलो ते इथेच, आजोळच्या घरात.

त्या घराच्या तीन खोल्या तीन काळांतल्या आहेत, आणि तिन्ही खोल्यांच्या खिडक्या वेगवेगळ्या रीतीने लागतात. सर्वांत जुन्या खोलीच्या खिडकीला तावदान नाही. जाड फळ्यांची दोन झडपं, बाहेर गज आणि आतून लोखंडी कडी-कोयंडा. ही कडी हातात धरून बघावी. गोल सळई तापवून वाकवलेली आहे, पण जिथे वळण आहे तिथे लोहाराने ती आधी ठोकून जाड करून घेतली आहे. वाकवताना लोखंड बाहेरच्या अंगाला ताणलं जातं, बारीक होतं आणि पुढे तिथेच दगा देतं. इथे ती भीती ठेवलेलीच नाही. कोयंड्याचे दोन पाय लाकडातून आरपार नेऊन मागे वळवून ठोकलेत. स्क्रू नाही, तेव्हा ढिलं पडायला काही उरत नाही. कडी पडली तरी झडप थोडी हलते, वाऱ्यात खडखडते. पण एक फळी दुसरीवर चढून बसते, त्यामुळे पाणी आत येत नाही. झडप धरायचं काम कडीचं, पाऊस अडवायचं काम फळीचं, अशी वाटणी करून ही खिडकी बनवली आहे. ती बदलायची वेळ कधी आलेली नाही, म्हणून तिच्याविषयी इतकंच.

पुन्हा पुन्हा बघावी अशी मूठ आहे ती मधल्या खोलीत. ही खोली आजोबांच्या थोरल्या भावाने बांधली. मुळशी-मावळातल्या कितीतरी माणसांप्रमाणे ते मुंबईत डबे पोहोचवायचे. तिथल्या कुठल्याशा पाडलेल्या इमारतीच्या पितळी मुठी त्यांनी चोरबाजारातून आणल्या, असं घरात सांगतात. १९३० च्या दशकात मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांनी पोलादी चौकटीच्या बारीक खिडक्या आपल्याकडे रुळवल्या. त्या इमारतींचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या पोलादी खिडक्यांचं एक मोठं घराणं इंग्लंडमधल्या ब्रेनट्री गावातलं. तिथे फ्रान्सिस हेन्री क्रिटल यांनी १८८४ मध्ये आपली पहिली पोलादी खिडकी बनवली. आमच्या मुठी दिसतात त्याच चालीच्या. पोलादासाठी केलेली ती वस्तू इथे सागाच्या झडपेवर आली. सुताराने लाकडाला खोबण घेऊन तिची पट्टी झडपेच्या पातळीत बुडवली आहे. कडेला सुई शिरेल इतकीही फट नाही.

मुठीचे भाग तीनच. झडपेवर बसणारी पट्टी, हातात येणारी दांडी आणि चौकटीवरच्या पत्र्यामागे जाऊन अडकणारं नाक. सगळी करामत नाकात आहे. वरवर सपाट दिसतं, पण त्याच्या आतल्या अंगाला उतार दिलेला आहे. दांडी खाली फिरवली की नाकाचं पातळ टोक आधी पत्र्यामागे शिरतं. मग जसजसा जाड भाग येतो तसतशी झडप चौकटीकडे ओढली जाते. ओढ दोन-तीन मिलिमीटरांची असेल, पण ती हाताला कळते. सुरुवातीला दांडी मोकळी फिरते, मध्यावर जड होते आणि शेवटी एका जागी येऊन ठाम बसते. खिडकी लागली हे डोळ्यांनी बघावं लागत नाही. अंधारात, वीज गेलेली असताना, बाहेर सरी कोसळत असताना हे हाताला कळणं फार मोलाचं आहे. चांगल्या मुठीची माझी पहिली कसोटी हीच.

नाकात खाचा दोन आहेत. आतली खाच पत्र्यात गेली की खिडकी पूर्ण बंद. बाहेरची गेली तर झडप बोटभर उघडी राहते आणि तरीही अडकलेली असते. पावसाळ्यात चूल पेटलेली, धूर कोंडलेला आणि खिडकी तर सताड उघडता येत नाही, अशा वेळी मामी ही दुसरी खाच वापरते. ज्या कारागिराने ती मुंबईच्या दमट हवेसाठी किंवा इंग्लंडच्या थंडीसाठी आखली, त्याच्या डोळ्यांपुढे मुठा गावातली चूल असणं शक्य नाही. तरी ती इथे चपखल लागू पडते.

आता झीज बघू. सगळी दांडी काळपट तपकिरी झाली आहे. दोन ठिकाणी मात्र पितळ उघडं पडलंय. एक जागा वरच्या अंगाला, जिथे लावताना तळहाताचा गादीसारखा भाग टेकतो. दुसरी दांडीच्या पाठीमागे, झडपेकडच्या बाजूला. ती वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. तिथे चार बोटांच्या चार उथळ खळग्या आहेत. म्हणजे घरातली माणसं दांडी नुसती फिरवत नव्हती, फिरवून झाल्यावर तिलाच धरून झडप ओढत होती. मुठीची रचना फिरवण्यासाठी. तिच्यावर वर्षानुवर्षं ओढण्याचा भारही पडला. माणसं ओढत होती याचा अर्थ झडप सहज येत नव्हती.

गेल्या पावसाळ्यात त्यांतली एक मूठ मोडली. मामाने सुताराला बोलावलं. त्याने मोडक्या तुकड्याकडे नजर टाकली न टाकली आणि थेट झडपेच्या खालच्या कडेखाली बोटं घातली.

“आबा, मूठ मी बदलून देतो, पर झडप अशीच आवळत ऱ्हायली तर नवी बी मोडंल.”

“मग मार की रंधा आत्ताच.”

“आत्ता नगं. आत्ता लाकूड पानी पिऊन बसलंय. चैतात मारू.”

या तीन वाक्यांत दुरुस्तीचं सगळं शास्त्र आलं. लाकूड फुगतं ते रेषांच्या आडव्या अंगाने, लांबीने जवळजवळ नाही. साग इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो, पण फुगतो. श्रावणात अडणारी झडप श्रावणातच तासली तर चैत्र-वैशाखात ती आकसते आणि मुठीचं नाक कितीही ओढून धरो, फट राहतेच. पुढच्या पावसाला ती फट आयती वाट होते. सुतार कडेखाली बोटं कशासाठी घालत होता तेही सांगायला हवं. झडपेची खालची कड दिसत नाही, म्हणून रंगारी ती बहुधा कोरीच सोडतो. उभ्या पट्ट्यांच्या लाकडाची उघडी टोकं तिथेच येतात, आणि लाकूड सगळ्यांत जास्त पाणी पितं ते टोकांतून. चांगल्या रंगाचा एक हात त्या कडेला मिळाला असता तर बहुधा मूठ मोडली नसती.

उरलेल्या मुठी त्याने त्याच दिवशी बऱ्या केल्या, नवं काही न आणता. एकीचं नाक झिजलं होतं, ओढ धरत नव्हतं. त्याने चौकटीवरचा पत्रा काढला, त्याच्याखाली पातळ पत्र्याचा तुकडा घातला आणि पत्रा पुन्हा बसवला. झिजेने गेलेली ओढ चौकटीकडून भरून आली. दुसरीची दांडी लुळी पडली होती. दांडीचा खुंट पट्टीतून मागे नेऊन ठोकून पसरवलेला असतो, तो झिजला होता. मूठ काढून, पालथी घालून, लोखंडावर ठेवून त्याने हातोडीच्या गोल तोंडाने हलके ठोके दिले. प्रत्येक ठोक्यानंतर दांडी फिरवून बघत होता. एक ठोका जास्त पडला तर दांडी जाम होते. स्क्रूची भोकं सैल झाली होती त्यांत त्याने बांबूच्या कामट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या आणि वाळल्यावर बरोबरीने कापल्या. पितळी स्क्रू थेट पिळले नाहीत. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून आत नेला, बाहेर काढला आणि त्या वाटेने पितळी नेला. पितळ मऊ, सागात जोर लावला की डोकं तुटतं आणि धड आतच राहतं. लोखंडी स्क्रूच का ठेवू नये, असं मामाने विचारलं. पितळेला चिकटून आणि पाण्यात राहिलेलं लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं, हे त्याचं उत्तर बरोबर होतं. शेवटी सगळ्या स्क्रूंच्या चिरा त्याने उभ्या रेषेत आणल्या. पाणी ओघळून जातं, आडव्या चिरेत साचतं, असं म्हणाला. मला त्यात त्याची नजरही दिसली.

व्हिएन्नात १९२६ ते १९२८ या काळात लुडविग विट्गेनश्टाईन या तत्त्वज्ञाने बहिणीच्या घराच्या बांधकामात स्वतःला झोकून दिलं होतं. दारं-खिडक्यांच्या मुठी आणि कुलपं त्याने स्वतः आखली, आणि मापाच्या बाबतीत तो हटून बसे. तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिलेला माणूस मुठीपाशी इतका का रेंगाळला याचं मला नवल वाटत नाही. भिंतीला आपण रोज हात लावत नाही, छताला तर कधीच नाही. घराचा जो भाग दिवसातून अनेकदा हातात येतो, तो हाच. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते बघताना दिनकर केळकरांची हीच दृष्टी जाणवते. घरातली हाताळायची वस्तू घडवताना कारागीर आपलं उत्तम कौशल्य पणाला लावतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

तिसरी खोली सिमेंटची. तिला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. तिचं लॉक दोनदा तुटलं आणि दोन्ही वेळा नवं बसवलं गेलं. तुटलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. वरून चकाकी, आत करड्या रंगाची, रवाळ मोड. बाजारात ज्याला व्हाइट मेटल म्हणतात ते हे, मुख्यतः जस्ताचं ओतीव. ते वाकत नाही, एकदम तुटतं. पण दोष सगळा त्याच्यावर टाकणं बरोबर नाही. खालच्या ट्रॅकमध्ये माती आणि मेलेले किडे दाटले होते, रोलर फिरतच नव्हते. खिडकी सरकवायला माणसं लॉकलाच बोट घालून खेचत होती. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी जायला ठेवलेली भोकंही बुजली होती, म्हणून पाणी खोलीत येत होतं. काडीने भोकं मोकळी केली, ब्रशने ट्रॅक साफ केला. मग ती खिडकी एका बोटाने सरकू लागली. मुठीने सांगितलेलं दुखणं मधल्या खोलीत लाकडाचं होतं, इथे मातीचं.

मोडलेल्या पितळी मुठीला जोड शोधायला आम्ही रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. जुनी मूठ बरोबर नेली, आणि हे प्रत्येकाने करावं. तोंडी वर्णनाने दुकानदार चांगली वस्तू देऊ शकत नाही. दोन स्क्रूंमधलं अंतर, नाक डावं की उजवं, पट्टीपासून नाकाची उंची, इतकं जुळलं तरच मूठ बसते. युरोपात यूपीव्हीसी खिडक्यांनी हा प्रश्न सोडवला आहे. तिथे चौकोनी दांडा ७ मिलिमीटरचा आणि स्क्रूंमधलं अंतर ४३ मिलिमीटर हे माप इतकं रूढ आहे की एका कंपनीची मूठ बहुधा दुसरीच्या खिडकीला लागते. आपल्याकडेही नव्या इमारतींत ती येऊ लागली आहे. सोय मोठी आहे, ती नाकारण्याचं कारण नाही. निवडताना मात्र वजन हातात घ्यावं आणि लोहचुंबक लावून बघावं. पितळी म्हणून दिलेली वस्तू चुंबकाला चिकटली तर ते मुलामा दिलेलं लोखंड. नाही चिकटली तरी स्क्रूच्या भोकाच्या आतली कड बघावी, कारण मुलामा तिथे पातळ असतो आणि खालचा रंग उघडा पडतो.

आमच्या मुठीला जोड मिळाली नाही. मग ती ओतून घ्यायचं ठरलं. चांगली असलेली एक मूठ नमुना म्हणून ओताऱ्याकडे दिली. वाळूत तिचा ठसा घेऊन त्यात पितळ ओततात. पितळ निवताना सुमारे दीड टक्का आकसतं. म्हणजे १०० मिलिमीटरच्या पट्टीची नक्कल साडेअठ्ठ्याण्णवची येते. डोळ्याला हा फरक कळत नाही, पण भोकं नमुन्यावरूनच उतरली तर ती जुन्या स्क्रूंच्या जागी येत नाहीत, आणि नाकही थोडं बुटकं निघतं. नाकाचा उपाय सुताराने आधीच दाखवला होता, पत्र्याखाली जरा जाड तुकडा. भोकांसाठी ओताऱ्याला सांगितलं की पट्टी कोरी ठेव. ती घरी आणून मोडक्या मुठीची जुनी पट्टी तिच्यावर ठेवली, खिळ्याच्या टोकाने खुणा केल्या आणि ड्रिल तिथेच, खिडकीपाशी चालवलं. नाकाचा उतार मामाने कानशीने स्वतः घासला. थोडं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. दांडी मध्यावर जड होऊन शेवटी ठाम बसेपर्यंत त्याचं समाधान झालं नाही. झडपेला रंधा मारायचं काम तेवढं चैत्रावर ठेवलं आहे.