वैरातील एकाच काठाचा कंठ

'हॅटफील्ड्स अँड मॅकॉइज' (2012) ही हिस्टरी वाहिनीची मालिका टग फोर्कच्या दोन्ही काठांवरील वैरी कुटुंबांना जवळपास समान निवेदनावकाश देते. तिच्या जोडीने आलेल्या 'फेमस फॉर किलिंग ईच अदर' या गीतसंग्रहात हा तोल ढळतो. मालिकेत डेव्हिल ॲन्स हॅटफील्ड साकारणारा केव्हिन कॉस्टनरच येथे 'मॉडर्न वेस्ट' या आपल्या वाद्यवृंदासह मुख्य गायक आहे. त्यामुळे गीतातील 'मी' पात्राच्या 'मी'पासून सुटा होत नाही. (1880च्या दशकातील वैराला कंट्री-रॉकची साथ, हा कालविपर्यास त्यामानाने किरकोळ.) हॅटफील्डांनी रँडॉल मॅकॉयचे तीन मुलगे 1882मध्ये आणि आणखी दोन अपत्ये 1888च्या नववर्षदिनी मारली. त्याच्या शोकाला संग्रहात असा ओळखीचा कंठ लाभत नाही.