‘तारे जमीन पर’ : लिपी, बोली आणि वाचन-अक्षमता

अमोल गुप्ते लिखित व आमिर खान दिग्दर्शित ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटाने डिस्लेक्सियाग्रस्त मुलाची ‘मठ्ठ’, ‘आळशी’ या शिक्क्यांतून सुटका केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. मात्र ईशानची अडचण शिक्षक निकुंभ प्रामुख्याने रोमन अक्षरांच्या उलटापालटीवरून ओळखतो. देवनागरीतील अडचणी निराळ्या आहेत. ऱ्हस्व इकार व्यंजनाआधी लिहिला जातो, पण उच्चारला जातो नंतर. जोडाक्षरात मूळ अक्षराचा आकार बदलतो.

भंडारा जिल्ह्यात यात झाडीबोलीची भर पडते. या बोलीत ‘ण’चा ‘न’ व ‘ळ’चा ‘र’ होतो. त्यामुळे ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ लिहिणारे मूल स्वतःच्या उच्चाराशी प्रामाणिकच असते. त्याच्या लेखनातील बदल नियमबद्ध असतो. डिस्लेक्सियातील अडखळणे मात्र परिचित शब्दांतही, सरावानंतरही टिकून राहते. बोलीला अक्षमता ठरविणे किंवा अक्षमतेला बोली समजून दुर्लक्षिणे, दोन्हींत नुकसान मुलाचेच होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. परंतु त्या हक्काची वाट अचूक निदानातूनच जाते.

चित्रपट अखेरीस चित्रकला स्पर्धेतील यशाने ईशानला न्याय देतो. ज्याच्या हाती कुंचला नाही, त्या मुलाला वाचता येणे हाच न्याय होय, आणि तो वर्गातच मिळावा लागतो.