मुक्ता साळवेची शंका आणि आमचा आत्मविश्वास

उथळ पाण्याला खळखळाट फार, अशी आपल्याकडे म्हण आहे. जाणत्याने शंका घ्यावी आणि अजाणत्याने छाती पुढे काढावी, हा जगाचा रिवाजच आहे, असे म्हणून सुशिक्षित मंडळी एकमेकांचे समाधान करीत असतात. म्हण खोटी नाही. परंतु ती कोणत्या समाजाविषयी बोलते, हे विचारले पाहिजे. ज्या समाजात बुद्धीची मालकीच जन्मावरून ठरली, तेथे शंका आणि आत्मविश्वास यांचीही वाटणी जन्मावरूनच झाली. एकाला न कमावलेला आत्मविश्वास वारसाहक्काने मिळाला, दुसऱ्याच्या माथी न घेतलेल्या कर्जासारखी शंका बसली. तेव्हा शंका घेणारा बुद्धिमान, हे सूत्र जसेच्या तसे उचलून दलित विद्यार्थ्याला लावता येत नाही. त्याच्या मनातली शंका त्याची स्वतःची आहे की त्याच्यावर लादलेली आहे, हे आधी तपासावे लागते.

या वाटणीचा इतिहास पाहण्यासाठी पुण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. विद्वत्तेवर राज्याची मोहोर उमटविण्याचा तो सोहळा होता. पेशवाई गेली, पण मोहोर राहिली. १८२१ साली इंग्रजांनी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली ती याच दक्षिणेच्या पैशातून, आणि प्रारंभी तिचे दार ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उघडे होते. म्हणजे बुद्धी कोणाला असते, याचे उत्तर या शहरात परीक्षेच्या आधीच लिहून ठेवलेले होते.

त्या पाठशाळेनंतर अवघ्या चौतीस वर्षांनी याच शहरातील एका मातंग मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते. पहिले दलित स्त्री-लेखन म्हणून या निबंधाचा आज गौरव होतो. तो योग्यच आहे. परंतु गौरवाची एक अडचण असते. ज्याचा गौरव होतो ते वाचले जात नाही. हा निबंध दुःखाचा दस्तऐवज म्हणून वाचला गेला. एका बुद्धीने स्वतःवर लादलेली शंका कशी परतवली याचा पुरावा म्हणून तो अजून पुरेसा वाचला गेलेला नाही.

मुक्ताची सुरुवात पाहावी. आपण ज्या लोकांत जन्मलो त्यांना पशूहूनही हीन मानतात, याची जाणीव ती पहिल्यापासून बाळगून आहे. पण लगेच ती सांगते की ज्याने मांग, महार आणि ब्राह्मण या साऱ्यांना उत्पन्न केले, तोच मला लिहिण्याची बुद्धी देत आहे. हे वाक्य विनयाचे वाटते. प्रत्यक्षात ते फार मोठे बंड आहे. बुद्धी देणारा रमण्यातला अधिकारी नाही, विश्रामबागवाड्यातला शास्त्री नाही, हे तिने एका ओळीत निकालात काढले. आपली बुद्धी कोणाकडून तपासून घ्यायची, हा प्रश्नच तिने रद्द केला.

त्यानंतर ती शंका घेते, पण स्वतःविषयी नव्हे. ब्राह्मण म्हणतात वेद आमचे. आम्हीच ते पाहावेत. ठीक, असे धरून चालू. मग ज्यांनी वेद पाहायचेच नाहीत त्यांचा धर्म कोणता? ज्याला ग्रंथ नाही त्याने कोणत्या ग्रंथाप्रमाणे वागायचे? असा तिचा सारा युक्तिवाद आहे, आणि शेवटी आमचा धर्म कोणता ते सांग, असे ती थेट ईश्वरालाच विचारते. प्रतिपक्षाचे विधान मान्य करून त्याच्याच पोटातून त्याचा पराभव काढणे, ही तर्कशास्त्राची रीत आहे. चौदा वर्षांच्या मुलीने ती पाठशाळेत न जाता हस्तगत केली. मग ती पुरावे मांडते: इमारतींच्या पायात गाडलेली माणसे, गुलटेकडीच्या मैदानावर चेंडू झालेली शिरे, बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या बाया. कोठेही आवाज चढत नाही. आत्मविश्वासाला आवाज चढवावा लागत नाही, हे आमच्या व्यासपीठांनी तिच्याकडून शिकण्यासारखे आहे.

लादलेली शंका आज संपली असे मानणाऱ्यांनी कुमुद पावडे यांचा ‘अंतःस्फोट’ (१९८१) उघडावा. लहानपणी शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे नागपूरची एक दलित मुलगी तेच संस्कृत शिकून त्या विषयाची प्राध्यापक झाली. येथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. पण लेखिका सांगते की तिच्या संस्कृतचे लोकांना कौतुक कमी आणि नवल जास्त वाटे. महाराची मुलगी आणि संस्कृत! हे नवल म्हणजे शालजोडीत गुंडाळलेला अपमान होता. आणि नोकरी मिळाली ती कुमुद सोमकुवरला नव्हे, आंतरजातीय विवाहानंतरच्या कुमुद पावडेला, हा सल ती लपवीत नाही. बुद्धी तीच, पदवी तीच. बदलले फक्त आडनाव. अशा वेळी त्या बुद्धीच्या मनात शंकेचे बीज पडले, तर तो तिच्या स्वभावाचा दोष म्हणायचा काय?

ज्यांना साहित्याची साक्ष पुरत नाही त्यांच्यासाठी प्रयोगाचीही साक्ष आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशातील खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. हा अभ्यास २००४ साली पुढे आला. जात उच्चारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष नावाबरोबर जात जाहीर केली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. त्या काही मिनिटांत मुलांचा मेंदू बदलला नव्हता. खोलीतली हवा बदलली होती.

हे ध्यानात घेतले म्हणजे व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांचा फोलपणा कळतो. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, आणि त्यांच्या आसऱ्याने आत्मविश्वास विकणारी दुकानेही आहेत. परभणीहून, लातूरहून आलेल्या मुलाला तेथे सांगतात की ताठ उभा राहा, डोळ्याला डोळा देऊन बोल, न्यूनगंड सोड. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी यशस्वी स्त्रियांच्या मनातील ‘आपण लायक नसून येथे आलो’ या भावनेचे वर्णन केले. त्याचा पुढे बाजार झाला आणि भावना हा जणू ज्याचा त्याचा आजार ठरला. पण ‘कोट्यातून आलेला’ हे शब्द ज्याच्या पाठीमागे रोज उच्चारले जातात, त्याची शंका त्याच्या मनात जन्मलेली नसते. ती वर्गात, वसतिगृहात, मुलाखतीच्या टेबलावर जन्मते. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या बुद्धीत काही उणे होते असे कोण म्हणेल? त्यांना ताठ उभे राहण्याचा वर्ग लावून द्यायला हवा होता, असे म्हणण्याची हिंमत कोणी करील काय?

येथवर आरोप समोरच्यावर झाला. पण मुक्ता तेथे थांबत नाही, आणि म्हणूनच ती आमच्या अनेक समीक्षकांहून मोठी आहे. सोवळ्याचा हा रोग महारांनाही जडला, ते स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात आणि मांगाच्या सावलीचाही विटाळ मानतात, असे ती त्याच निबंधात बजावते. सभांतून गुलटेकडीचा भाग आवेशाने सांगितला जातो. हा भाग पुष्कळदा गाळला जातो. का गाळला जातो, याचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला द्यावे.

कारण आत्मविश्वासाची खरी कसोटी येथेच लागते. शत्रूवर शंका घेणे तुलनेने सोपे असते. आपल्या घरावर शंका घेऊनही न डळमळणारे मन हेच आत्मविश्वासाचे मन होय. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकल्यासवरल्या दया पवारला सांगतो. एकाच माणसाची ही दोन तोंडे समोरासमोर बसतात, आणि त्यातला कोणीही जिंकत नाही. तेव्हा आपल्यातल्याच काहींना हे लाजिरवाणे वाटले; कचरा कशाला उपसता, असे विचारले गेले. त्या टीकाकारांना घोषणेचा आत्मविश्वास हवा होता. दगडूपाशी त्याहून कठीण वस्तू होती. आपल्या जखमेकडे डोळे न मिटता पाहण्याची ती ताकद होती. चळवळीने शंकेला दुबळेपणा मानले की तिच्यात खळखळाट वाढतो आणि पाणी उथळ होते.

म्हणून दलित विद्यार्थ्याला ‘आत्मविश्वास बाळग’ असा उपदेश करणे थांबवावे. त्याच्या शिक्षकांनी आणि संघटनांनी दोन कामे करावीत. लादलेली शंका कोठून येते ते त्याला नावागावासकट दाखवावे, म्हणजे ती आपली नव्हे हे त्याला कळेल. आणि त्याची स्वतःची जी शंका आहे, ग्रंथावरची, सत्तेवरची, पुढाऱ्यावरची, आमच्यावरचीसुद्धा, ती त्याने मोठ्याने विचारावी एवढी मोकळीक त्याला द्यावी. मुक्ताचा निबंध अभ्यासिकेत संपूर्ण वाचला जावा, महारांविषयीच्या परिच्छेदासह. आणि तो मातंग व बौद्ध मुलांनी एकत्र बसून वाचावा. महार-मांगांनो, ज्ञान हेच तुमच्या रोगावरचे औषध आहे, असे तिने १८५५ साली सांगितले होते. त्या औषधाचा पहिला गुण म्हणजे माणूस प्रश्न विचारू लागतो. तो प्रश्न आपल्या दिशेने आला तरी तो ऐकून घेण्याचा आत्मविश्वास चळवळीने आता कमवावा.